पुरस्कार सोहळ्याचे पाहुण्यांचे पास मिळालेत, आईला घेऊन जायचंय. काय काय लक्षात ठेवावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मावसबहिणीला एका मराठी चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नामांकन आहे. सोहळा वरळीला एनएससीआय डोममध्ये, टीव्हीवर नंतर दाखवणार आहेत. तिचा स्वतःचा एक पास, 'सोबत' म्हणून एक आणि पाहुण्यांचे दोन असे चार पास आलेत. सोबतच्या पासावर मावशी जाईल, पाहुण्यांत मी आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेते. आम्ही सांगलीहून येणार.

पत्रिकेवर 'सायं. ६ वा., प्रवेश ५ ते ६.३०, औपचारिक पोशाख' इतकंच छापलंय. नक्की किती वाजता सुरू होतं? किती चालतं? आत खायला मिळतं का? चौघींना एकत्र बसता येईल का? साड्या कोणत्या नेसाव्यात? मोबाईल चालतो का? आणि परत यायचं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

पडद्यामागे

पत्रिकेवर सोहळा लिहिलंय, पण तुम्ही टीव्हीच्या शूटिंगला निघाला आहात असं धरून चाला. बाकीची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

वेळ: ६ ही तुमची आत येण्याची वेळ, कार्यक्रमाची नाही. मोठी नावं आल्याशिवाय आणि पुढच्या रांगा भरल्याशिवाय मुख्य भाग सुरू होत नाही. साडेसात-आठ सहज वाजतात, साडेआठ वाजले तरी कुणाला नवल वाटत नाही. तिथून पुढे पाच तास धरा. टीव्हीवर सलग दिसणारं नृत्य आणि त्यानंतरचा पुरस्कार यांच्यामध्ये प्रत्यक्षात दहा ते वीस मिनिटं सेट बदलणं, एलईडीच्या भिंतीवर नवी चित्रं चढवणं आणि माइक तपासणं चाललेलं असतं. सूत्रसंचालकांचा एखादा विनोद पडला किंवा नाव चुकलं तर तेवढा तुकडा पुन्हा घेतात. पाहुणा कलाकार विमानतळावर अडकला तर क्रमच बदलतो. त्यामुळे हातात कार्यक्रमपत्रिका मिळेल अशी आशा ठेवू नका, आणि मिळाली तरी तिच्यावर विसंबू नका.

'सुरूच उशिरा होतं तर आपणही साडेसातला जाऊ' हा हिशोब मात्र तुमच्या बाबतीत अंगाशी येईल. वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी, संकलन, कला दिग्दर्शन हे तांत्रिक पुरस्कार बहुतेक ठिकाणी पहिल्या तासात उरकतात. कधीकधी मोठे तारे यायच्या आधीच, अर्ध्या रिकाम्या सभागृहात. चित्रपट उभा करणाऱ्यांचा हा अपमानच आहे असं माझं मत आहे, पण पद्धत तशी आहे खरी. बहिणीने आयोजकांच्या समन्वयकाला आधीच विचारावं: माझा विभाग साधारण कितव्या क्रमांकावर आहे, आणि तो याच संध्याकाळी आहे की तांत्रिक पुरस्कारांचा सोहळा वेगळा आहे? फोनवर विचारलं तरी उत्तर मेसेजवर लिहून घ्यावं.

बसायची जागा: नामांकित आणि सोबतीण खाली मजल्यावर, पाहुणे मागे किंवा वरच्या गॅलरीत. चौघी एकत्र बसाल ही शक्यता सोडून द्या. नामांकित व्यक्तीला वाटेच्या कडेची खुर्ची देतात, कारण नाव पुकारल्यावर दहा जणांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत ती गेली तर कॅमेऱ्यात वाईट दिसतं. बहिणीला आतली खुर्ची मिळाली तर 'मी नामांकित आहे' असं लगेच सांगून बदलून घ्यावी. बसल्यावर खुर्चीवरचा नाव छापलेला कागद फेकू नका, फ्लोअरवरची, म्हणजे खाली प्रेक्षकांत व्यवस्था बघणारी मंडळी त्याच्यावरूनच जागा शोधतात.

तुम्ही दोघींनी रिकामी दिसली म्हणून पुढची रांग पकडू नका, हे आवर्जून सांगतो. ती जागा कुणाची तरी असते आणि चित्रीकरण चालू असताना तुम्हाला उठवतात. उलट तुमची खुर्ची बराच वेळ रिकामी राहिली तर त्यात दुसरं कुणीतरी बसवतील. कॅमेऱ्याला रिकाम्या खुर्च्या चालत नाहीत, त्यासाठी माणसंच आणून ठेवलेली असतात. परत आल्यावर भांडायचं नाही, 'ही माझी जागा' म्हटलं की ते निमूट उठतात. त्यांचं कामच ते आहे.

आणि एक गंमत. कार्यक्रमाआधी कुणीतरी माइकवरून सांगेल, 'आता सगळ्यांनी जोरात टाळ्या', 'आता हसा', 'आता उभे राहून टाळ्या'. मंचावर काहीच नसतं. हे तुकडे नंतर संकलनात हवे तिथे चिकटवतात. कॅमेरा आपल्याकडे वळला की भिंगात बघायचं नाही, मंचाकडे बघायचं. तोंडात सुपारी किंवा च्युइंगगम नको, आणि मांडीवरच्या मोबाईलच्या उजेडाने चेहरा खालून निळा दिसतो, म्हणून तोही बंद.

जरीकाठ

साड्यांबद्दल.

बारीक रेघा आणि बारीक चौकडी टाळा. कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी आणि कापडाची वीण एकमेकांवर आली की पडद्यावर पट्टे वळवळताना दिसतात. लांबच्या शॉटमध्ये हे फार होतं. म्हणजे अंगभर बारीक चौकडी असलेली इरकल नको, सपाट अंगाची इरकल चालेल. पैठणी उत्तम, मोठा काठ आणि ठसठशीत बुट्टा कॅमेऱ्याला आवडतो. 'हिरवं नेसू नका' असं कुणीतरी सांगेलच. तो नियम हिरव्या पडद्याच्या स्टुडिओचा आहे, सभागृहात हिरवी पैठणी बिनधास्त नेसा. पांढरीशुभ्र साडी प्रखर दिव्यात फटफटीत दिसते, त्यापेक्षा मोतिया किंवा हस्तिदंती बरी. निव्वळ काळं अंधाऱ्या गॅलरीत हरवतं, पण तुम्ही वर बसणार असाल तर त्याची चिंता नको. टिकल्यांचं काम मात्र दिव्यांचे कवडसे शेजारणीच्या चेहऱ्यावर फेकतं.

थंडी! सगळ्यात जास्त हाल यानेच होतात. शेकडो दिव्यांची उष्णता मारायला एसी पूर्ण ताकदीने चालवतात, आणि दिवे मंचावर असल्याने वरच्या रांगांना नुसती थंडी मिळते. आईसाठी शाल हवीच, आणि पायात मोजे घालता येतील अशा चपला. स्टोल नको, शालच. गुडघेदुखी असलेल्या माणसाला सहा तास थंडीत बसवलं तर उठताना कळ येते, तेव्हा अधूनमधून पाय लांब करायला सांगा.

बहिणीसाठी थोडं वेगळं. ती जिंकली तर दोन्ही हात ट्रॉफीत अडकणार, म्हणून पदर खांद्यावर दोन पिनांनी आणि निऱ्या एका पिनेने पक्क्या असू द्या. पर्स मावशीकडे सोडून जायचं. मंचाची जमीन आरशासारखी चकचकीत आणि निसरडी असते. नव्या चामडी तळाची कोल्हापुरी तिथे सरकते, तळाला खरकागद घासून घ्यावा किंवा पातळ रबर लावून घ्यावं. फार टोकदार टाचा वायरींवरच्या रबरी पट्ट्यांच्या खाचेत अडकतात. साडीची उंची त्याच चपला घालून, घरी, जिना चढून तपासा. मंचाच्या पायऱ्या अरुंद असतात आणि तिथे कठडा असेलच असं नाही. खणखणणाऱ्या बांगड्या माइकजवळ फार वाजतात, एका हातात कडं पुरे.

पुरुषमंडळींपैकी कुणी जाणार असेल तर बंदगळा किंवा कुर्ता-जाकीट चालतं. 'औपचारिक' म्हणजे टायच हवा असं इथे कुणी बघत नाही. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज मात्र गेटवर खटकू शकतात.

सातरस्ता

जाण्यायेण्याचं सांगतो.

महालक्ष्मी एक्सप्रेसने सांगलीहून रात्री बसलात तर सकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटी. दिवसभर आराम करायला वरळी, दादर किंवा महालक्ष्मी परिसरात खोली घ्याच. परतीची महालक्ष्मी रात्री साडेआठच्या आसपास सुटते, तेव्हा त्या दिवशीचा तर प्रश्नच नाही, दुसऱ्या रात्रीचं तिकीट काढा.

डोम हाजी अलीच्या बाजूला, लाला लजपतराय मार्गावर आहे. लोकलने महालक्ष्मी स्टेशन, तिथून टॅक्सी. मेट्रो ३ ने आलात तर सायन्स सेंटर स्टेशन सोयीचं. पण साडी नेसून आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन यातलं कुठलंही अंतर चालायचं म्हणू नका, टॅक्सीच करा. उपनगरातून गाडीने येणाऱ्यांना सी लिंकवरून किनारी रस्त्याला लागून हाजी अलीला उतरता येतं.

संध्याकाळी पाच ते सात या भागात वाहतूक आधीच तुंबलेली असते, त्यात सोहळ्याच्या गाड्या. खोलीवरून सव्वाचारला निघा, म्हणजे पाचच्या रांगेत पुढे राहाल.

परतताना घोळ होतो तो असा. सगळे एकदम बाहेर पडतात आणि ॲपवरच्या टॅक्सीला गेट सापडत नाही. मेट्रो साडेदहाच्या सुमारास बंद झालेली असते. चर्चगेटहून शेवटची लोकल एकच्या आसपास आहे, तिच्या भरवशावर राहू नका. दुपारीच एखाद्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याशी बोलून ठेवा, नंबर घ्या आणि त्याला गेटवर न बोलावता जरा पुढे, हाजी अली चौकाच्या दिशेला उभं राहायला सांगा. स्वतःची गाडी आणि ड्रायव्हर असेल तर पार्किंगचं स्टिकर पासासोबत आलंय का ते बघा. प्रवेशाचा पास आणि गाडीचा पास वेगळे असतात.

कृष्णाकाठ

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. अजून थोडं विचारते.

१. रेड कार्पेटवरून आम्हालाही जाता येईल का? आईची तेवढीच हौस आहे.
२. बहीण जिंकली तर नक्की काय होतं? तिला कुणी काहीच सांगितलेलं नाही.
३. फोटो लगेच टाकले तर चालतात का?
४. खाण्याचं राहिलंच. आणि इन्सुलिन.

पडद्यामागे

१. बहीण आणि मावशी जातील, तुमच्या पासावर बहुधा दुसरं गेट असेल. पासाचा रंग किंवा गेटचा आकडा बघा. कार्पेट म्हणजे फोटोग्राफरांच्या समोरची पट्टी. तिच्यावर थांबायच्या जागा ठरलेल्या असतात आणि मागून येणारा तारा खोळंबला की हातातल्या वॉकीटॉकीवरून ओरडा सुरू होतो. बहिणीने प्रायोजकांच्या नावांच्या फलकासमोर थांबावं, डावीकडे, मध्ये, उजवीकडे असं सावकाश बघावं आणि पुढे सरकावं. वीस सेकंद पुरतात. फोटोग्राफर तिला ओळखत नसतील, म्हणून चित्रपटाचं नाव आणि 'वेशभूषेसाठी नामांकन' हे तिने स्वतःहून मोठ्याने सांगावं. लाजलं की दुसऱ्या दिवशी फोटोखाली नाव नसतं. आईची हौस फिटायला लॉबीत वेगळे फलक लावलेले असतात. पाच-साडेपाचला गेलात तर तिथे गर्दी नसते.

२. नाव पुकारल्यावर कॅमेरामन आधी तिच्या चेहऱ्यावर येतो, तेव्हा घाई नको. मावशीला मिठी मारायची तर तेव्हाच. मंचाच्या कोणत्या बाजूने चढायचं ते फ्लोअरवरचा माणूस हाताने दाखवतो. ट्रॉफी डाव्या हातात, उजवा हात मोकळा. बोलायला तीस-पंचेचाळीस सेकंद. समोर घड्याळ किंवा उलटी मोजणी दिसते, त्यानंतर संगीत वाजू लागतं. नावांची यादी वाचू नये. दिग्दर्शक, निर्माता, आपले शिंपी-कारागीर आणि घरचे, इतकंच. माइकवर बोटाने ठकठक करू नये, तो आधीच चालू असतो.

उतरताना आल्या पायऱ्यांनी नाही, दुसऱ्या बाजूने मागे नेतात. तिथे ट्रॉफीसह फोटो आणि वाहिनीसाठी दोन-चार वाक्यांचा बाइट. यात अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून मावशीने 'पोरगी कुठे गेली' म्हणून घाबरू नये. मोबाईल मावशीकडे ठेवला असेल तर संपर्कही होत नाही. काही सोहळ्यांत मंचावर दिलेली ट्रॉफी नावाच्या पट्टीशिवाय असते, पट्टी नंतर लावून देतात. मागे सोडण्यापूर्वी विचारून, सही करून घ्यावी.

३. निकाल फोडू नका. प्रक्षेपणाचे हक्क वाहिनीचे असतात आणि मंचाचं चित्रीकरण करताना दिसलात तर सुरक्षारक्षक मोबाईल बंद करायला लावतात. लॉबीतला, साड्यांचा, आईचा फोटो खुशाल टाका. ट्रॉफीचा फोटो वाहिनीने किंवा आयोजकांनी स्वतः विजेत्यांची नावं जाहीर केल्यावर. बऱ्याचदा ती त्याच रात्री होतात, पण मेसेज आल्याशिवाय नको.

४. आत जेवण नाही असंच धरा. सोहळ्यानंतरची पार्टी असते तिचा पास वेगळा, तो तुमच्याकडे नाही. लॉबीत काउंटर असले तर रांग मोठी आणि मिळणार चहा-सामोसे. बाहेरचे डबे, पाण्याची बाटली, पॉवर बँक गेटवर काढून ठेवायला लावू शकतात, आणि परत मिळतीलच असं नाही.

चिमूटभर

मधुमेहाबद्दल जरा नीट लिहिते, कारण इथे बेफिकिरी परवडत नाही.

रात्रीचं इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं आहे की झोपेआधीचं आहे, त्यावर सगळं अवलंबून. जेवणाआधीचं असेल आणि नऊला सवयीने टोचलं, मग जेवण मिळालं बाराला, तर मधल्या वेळात साखर घसरणार. अंधार, थंडी आणि गोंगाटात घाम आणि थरथर पटकन लक्षातही येत नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा: सहा ते एक जेवण नाही, तर डोस कसा घ्यायचा? चारच्या आत पोटभर खाऊन निघणं उत्तम. भाकरी, भाजी, डाळ. नुसते पोहे पुरणार नाहीत.

पर्समध्ये इन्सुलिनचं पेन, ग्लुकोमीटर, ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर, चार बिस्किटं आणि भाजलेले चणे. या सगळ्यावर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, मूळ कागद, मोबाईलमधला फोटो नको. सुया आणि खाणं गेटवर अडवतात ते चिठ्ठी पाहिल्यावर सोडतात. तरी कुणी हटून बसलं तर आवाज न चढवता 'मेडिकल टीमला बोलवा' म्हणा. एवढ्या गर्दीच्या कार्यक्रमाला रुग्णवाहिका आणि डॉक्टर उभे असतात. ते कुठे आहेत हे शिरतानाच बघून ठेवा.

मंचावर धूर सोडतात, त्याने दम लागणाऱ्यांना खोकला येतो. दिव्यांची लुकलुक फिट येणाऱ्यांना चालत नाही. स्पीकरच्या थेट समोर बसवलं तर कापूस ठेवा कानात, किंवा जागा बदलून मागा. डोमच्या वरच्या रांगांना पायऱ्या बऱ्याच आहेत. 'ज्येष्ठ नागरिक, पायऱ्या चढता येत नाहीत' हे आदल्या दिवशी समन्वयकाला कळवलं तर खालच्या रांगेत सोय होते. ऐनवेळी गेटवरच्या पोराला सांगून काही उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. स्वच्छतागृहाला सेट बदलत असताना जायचं, नृत्य सुरू झालं की दारं अडवतात.

दिल्लीकर_मराठी

वरचं सगळं खासगी आणि वाहिनीच्या सोहळ्यांना लागू. कुणी राष्ट्रीय पुरस्कारांना पाहुणा म्हणून जाणार असेल तर हे विसरून जा, तिथे नेमकं उलटं चालतं.

दिल्लीचं विज्ञान भवन, पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते, आणि दूरदर्शनवर थेट. पुन्हा घेणं नाही, सेट बदलणं नाही. राष्ट्रपती येण्याआधी सगळ्यांनी स्थानापन्न व्हायचं, नंतर दार उघडत नाही. सुरुवातीला आणि शेवटी राष्ट्रगीत. मधे उठायचं नाही. विजेत्यांची तालीम आधी होते: कुठून चढायचं, किती पावलं, कुठे थांबायचं. भाषण नाही. वेशभूषेला रजत कमळ हे पदक मिळतं, ७० व्या पुरस्कारांपासून त्याची रोख रक्कम २ लाख आणि सुवर्ण कमळाची ३ लाख झाली. पत्रिकेवर काय आणू नये याची यादी असते ती शब्दशः पाळतात. नावाचं स्पेलिंग ओळखपत्राशी जुळलं नाही तर गेटवरच अडकता, म्हणून नाव कळवताना आधार कार्ड समोर ठेवूनच लिहा.

इथे शिष्टाचाराला किती वजन आहे ते २०१८ साली दिसलं. राष्ट्रपती मोजकेच पुरस्कार देणार, बाकीचे मंत्री देणार, असं आदल्या दिवशी तालमीत कळलं आणि पन्नासहून अधिक विजेते समारंभाला गेले नाहीत.

तिकीटखिडकी

पासाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. चार पासांवरचे क्यूआर कोड कुणालाही फॉरवर्ड करू नका आणि हौसेने स्टेटसला लावू नका. कोड एकदाच स्कॅन होतो, दुसऱ्याने आधी वापरला तर तुम्ही बाहेर. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांना: इन्स्टावर 'रेड कार्पेट पास, पाच हजारांत' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. आयफासारखे काही सोहळे रीतसर तिकिटं विकतात, ती अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. निमंत्रणाचे पास हस्तांतरणीय नसतात, आणि नाव जुळलं नाही तर पैसे मागायला कुणी सापडत नाही.

कृष्णाकाठ

समन्वयकाशी बोलले. वेशभूषा तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्याच संध्याकाळी आहे. आईसाठी खालची रांग मेसेजवर कबूल केलीय. डॉक्टरांची चिठ्ठी उद्या घेते. एकच शेवटचं: टीव्हीवर ती दिसेल ना? गावात सगळ्यांना सांगायचंय.

पडद्यामागे

सांगण्याआधी थांबा. पाच-सहा तासांचं चित्रीकरण जाहिरातींसकट तीन-साडेतीन तासांत बसवतात, आणि पहिली कात्री तांत्रिक विभागांवर पडते. बहुधा सगळ्या तांत्रिक विजेत्यांचा मिळून दोन मिनिटांचा तुकडा होतो: नाव, ट्रॉफी घेतानाचं एक दृश्य, पुढचा. भाषण जाईल ही अपेक्षा ठेवू नका. प्रक्षेपणाची तारीखही पुढे-मागे होते, वाहिनीची जाहिरात दिसेपर्यंत गावात तारीख सांगू नका. जिंकली तर दुसऱ्याच दिवशी समन्वयकाकडे तिच्या भाषणाची क्लिप आणि मंचावरचे मोठ्या आकाराचे फोटो लेखी मागा, विभागाचं आणि चित्रपटाचं नाव घालून. महिन्याभराने मागितलं तर ती टीम पुढच्या कार्यक्रमावर गेलेली असते.